कोतवालाविरुद्ध फिर्याद

अन्यायाविरुद्ध बोलण्यासाठी मराठीत जे शब्द आपण रोज वापरतो, त्यांतले बरेचसे दरबारी भाषेतून आले आहेत. 'फिर्याद' हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ आक्रोश, संकटात सापडलेल्या माणसाने मारलेली हाक. 'तक्रार' मुळात अरबी. तिचा अर्थ पुनरुक्ती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. 'दाद' म्हणजे फारसीत न्याय. आधी ओरडायचे, मग तेच पुन्हा सांगत राहायचे आणि अखेरीस न्याय मिळाला तर मिळाला, असा एक सबंध प्रवासच या तीन शब्दांत साठलेला आहे. आपल्या भाषेने मात्र याच विषयावर एक अस्सल देशी म्हणही दिली आहे: कुंपणच शेत खाते. या म्हणीत घटना आहे, खंत आहे. पण कुंपणाने शेत खाल्ले तर शेतकऱ्याने कोणाकडे जावे, हे म्हण सांगत नाही.

हा न सांगितलेला भाग म्हणजेच पोलिसांविरुद्धच्या तक्रारीचा इतिहास, असे आम्हांला वाटते. ज्याच्याकडे तक्रार नोंदवायची त्याच्याचविरुद्ध ती असेल तर काय होते? या प्रश्नाला महाराष्ट्राने गेल्या सव्वादोनशे वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उत्तर मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला चांगले परिचित आहे, पण ते या अंगाने सहसा वाचले जात नाही. म्हणून तेथूनच आरंभ करू.

पेशव्यांच्या पुण्यात कोतवाली हे केवळ चोर पकडणारे खाते नव्हते. शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद, घरांच्या खरेदीविक्रीचे कागद, बाजारावरची नजर, किरकोळ तंट्यांचा निवाडा आणि रात्रीचा पहारा अशी नाना कामे कोतवालाकडे असत. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत चावडीवर बसवून ठेवण्याचा अधिकार त्याचाच. म्हणजे आज पोलीस, महापालिका, नोंदणी कार्यालय आणि कनिष्ठ न्यायालय यांत वाटली गेलेली सत्ता एका माणसाच्या हाती एकवटलेली होती. घाशीराम सावळदास १७७७ साली या जागेवर आला आणि १७९१ पर्यंत तेथे राहिला. तो औरंगाबादकडून आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, नाना फडणवीसांच्या मर्जीतला. त्याच्या जुलमाच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या साऱ्याच खऱ्या मानण्याचे कारण नाही. पण चौदा वर्षे हा कालावधी खरा आहे. या चौदा वर्षांत त्याच्याविरुद्ध कुरबूर झालीच नसेल, हे संभवत नाही. प्रश्न ती कुरबूर पोचायची कोठे, हा होता. कोतवालाच्या वर त्याला नेमणारे नाना होते, आणि नानांना शहरातील विरोधकांची बित्तंबातमी पुरवणारा माणूस हाच कोतवाल होता.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस तेलंग ब्राह्मणांचा एक जथा पुण्यात आला होता. घाशीरामाच्या बागेतली फळे तोडल्याच्या आरोपावरून त्याच्या माणसांनी त्यांना पकडले आणि भवानी पेठेतील त्याच्या वाड्यातल्या एका कोंदट जागेत कोंडले. कोंडलेल्यांपैकी एकवीस जण गुदमरून मेले, असे वृत्तान्त सांगतात. पुढची एक गोष्ट मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हे लोक चोर होते आणि अफू खाऊन आपल्याच हाताने मेले, असे घाशीरामाने नानांना कळवले, आणि नानांनी प्रेते जाळण्यास परवानगी दिली, असे हेच वृत्तान्त नोंदवतात. कोठडीतल्या मृत्यूची बातमी कोठडीचा मालकच वर कळवतो, मृत्यूचे कारण मृतांवर ढकलतो आणि वरिष्ठ ते कारण मान्य करतो, हा क्रम आजच्या वर्तमानपत्राच्या वाचकाला फारसा अनोळखी वाटणार नाही.

तो क्रम मोडला तो मानाजी फाकडे या सरदाराने. त्याने कुलूप फोडून आत काय आहे ते पाहिले आणि गोष्ट सवाई माधवरावांच्या कानी घातली. मग तेलंग ब्राह्मणांचा जमाव नानांच्या वाड्याभोवती जमला. न्यायाधीश अय्याशास्त्री यांनाही जमावाच्या संतापाची झळ लागली, असे सांगतात. अखेर घाशीरामाला हत्तीवर बांधून शहरातून फिरवण्यात आले आणि नंतर जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला.

या प्रसंगाकडे बहुधा दोन रीतींनी पाहिले जाते. एक, पापाचा घडा भरला. दोन, नानांनी आपला मोहरा बळी दिला. दोन्ही वाचनांत तथ्य आहे. परंतु तक्रारीच्या अंगाने पाहिले तर तिसरी बाजू दिसते. कोतवालाविरुद्ध रीतसर चौकशी, साक्षी, जबान्या, निवाडा यांतले काहीच येथे घडले नाही. फिर्याद आणि शिक्षा यांच्यामध्ये काही पायऱ्याच नव्हत्या. मधली जागा जमावाने भरून काढली. शिवाय ही फिर्याद ऐकली गेली याची कारणेही पाहिली पाहिजेत. मेलेले ब्राह्मण होते, राज्य ब्राह्मणांचे होते, आणि कुलूप फोडणारा सरदार होता. चौदा वर्षांत त्याच चावडीवर मार खाल्लेल्या बिगारी, रामोशी, कुणबी, कलावंतीण अशा कोणासाठी नानांच्या वाड्याला वेढा पडल्याचे आपण वाचलेले नाही. तक्रारीचे वजन तक्रारदाराच्या वजनाइतकेच होते.

हा पेशवाईचा दोष म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह होतो. तो आवरण्यासाठी त्याच काळातील इंग्रजी मुंबईकडे पाहावे. तेथे १७७९ साली जेम्स टॉड नावाच्या गृहस्थाची पोलिसांचा 'लेफ्टनंट' म्हणून नेमणूक झाली होती. १७९० साली, म्हणजे घाशीरामाच्या अंताच्या एकच वर्ष आधी, त्याच्यावर लाचखोरीचा खटला चालला. मुंबईत न्यायालय होते, आरोपपत्र होते, ज्यूरी होती. पुण्यात नसलेल्या साऱ्या पायऱ्या येथे होत्या. मुख्य साक्षीदार होता टॉडसाठी लाच गोळा करणारा त्याचा देशी हस्तक. टॉडचा बचाव काय होता? एतद्देशीयांच्या अशा साक्षीवर विश्वास ठेवू लागलो तर प्रत्येक युरोपीय माणूस धोक्यात येईल, हा. पुढे मुंबईचे रेकॉर्डर असलेले सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८११ साली या बचावाची आठवण काढली ती उपहासानेच. लाच घेणाऱ्याविरुद्धचा साक्षीदार हा बहुधा लाच पोचवणाराच असणार, हे त्यांना दिसत होते. टॉडची नोकरी गेली. पण त्याच्या बचावातला युक्तिवाद मात्र टिकून राहिला, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यातच आहे. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आली की अधिकाऱ्याने काय केले हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि तक्रार करणारा कोण, हा प्रश्न पुढे येतो. चौकशी तक्रारदाराचीच सुरू होते.

याला एक लखलखीत अपवाद मद्रास इलाख्यात घडला. महसूल वसूल करताना आणि कबुलीजबाब मिळवताना रयतेचा छळ होतो, या आरोपाची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेल्यावर १८५४ साली तेथे एक चौकशी आयोग नेमला गेला. १८५५ साली त्याने अहवाल दिला. केवळ तीन महिन्यांच्या मुदतीत आयोगाकडे १९५९ तक्रारी आल्या. त्यांतले ५१९ तक्रारदार स्वतः हजर झाले, उरलेल्या १४४० तक्रारी पत्रांनी आल्या. लांबलांबच्या गावांतून, दिवसच्या दिवस चालत माणसे आली. तोवर या माणसांनी तोंड का उघडले नव्हते, याचे उत्तर आयोगालाच सापडले: महसूल आणि पोलीस ही दोन्ही कामे एकाच हातात होती, आणि छळणाऱ्याची तक्रार त्याच्याच कचेरीच्या साखळीतून वर जायची. साखळीबाहेर एक दार केवळ तीन महिने उघडले, तर दोन हजारांच्या घरात माणसे त्या दाराशी आली. तक्रारी कमी येतात याचा अर्थ अन्याय कमी होतो असा नसतो, ही गोष्ट यापेक्षा स्पष्ट आकड्यांत क्वचितच मांडली गेली असेल.

त्यानंतरच्या दोन दशकांत आलेल्या कायद्यांवर या अनुभवाची छाया आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कबुलीजबाबासाठी इजा करण्याचा गुन्हा स्वतंत्रपणे सांगितला गेला, आणि त्याखाली उदाहरण म्हणून दिलेल्या एका वाक्याच्या कथेत छळ करणारे पात्र पोलीस अधिकारीच आहे. कायद्याच्या रूक्ष पानावरचे हे पात्र साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा पाहावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तर पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्यच धरायचा नाही असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून या दोन्ही कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली, पण ते उदाहरण आणि तो नियम दोन्ही कायम राहिले. म्हणजे पोलिसाने लिहून घेतलेल्या कबुलीवर राज्यसंस्था आजही विश्वास ठेवत नाही. मात्र त्याच पोलिसाविरुद्धची फिर्याद लिहून घेण्याचे काम ती बहुतेक वेळा त्याच्याच ठाण्यावर सोपवते. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने सगळ्या देशातील पोलीस व्यवस्थेवर भ्रष्ट आणि जुलमी असल्याचा शेरा मारला. या विसंगतीची गाठ मात्र सुटली नाही.

तक्रारदाराच्या चौकशीचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पुण्याचेच आहे, आणि त्यातला तक्रारदार कोणी ऐरागैरा नव्हता. १८९७ च्या प्लेगमध्ये घरझडतीसाठी गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या फिरत. त्या पोलीस नव्हत्या. पण घराच्या उंबरठ्याच्या आत शिरण्याचा अधिकार घेऊन आलेली गणवेशातली सत्ता हीच होती आणि तिच्या वागणुकीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग तिच्याच प्लेग कमिटीतून जात होता. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांविषयी, दोन स्त्रियांवर झालेल्या बलात्कारांविषयी तेथे जाहीर विधान केले. दरम्यान २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती. गोखले परत आले तोवर टिळकांना अटक झाली होती आणि नातू बंधूंना खटल्यावाचून स्थानबद्ध केले होते. ज्यांनी पत्रे लिहिली ते नावे उघड करू देण्यास तयार नव्हते. पुरावा देता येईना, साक्षीदार पुढे येईनात, तेव्हा गोखल्यांनी गव्हर्नरची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली. तिचा डाग त्यांना पुढे कित्येक वर्षे बाळगावा लागला. माफीवर टीका करणाऱ्यांनी गोखल्यांचा भित्रेपणा पाहिला. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पत्र लिहिणाऱ्याला सुरक्षित ठेवील अशी एकही जागा त्या शहरात नव्हती. तक्रार खोटी ठरली नाही. ती अनाथ ठरली. आणि रीतसर तक्रारीची वाट अशी बंद असताना पुण्यात दुसऱ्यांदा, १७९१ प्रमाणेच, हिशोब चौकशीवाचून चुकता झाला होता.

आता स्वातंत्र्योत्तर काळाकडे येऊ. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात तिला ठाण्यावर बोलावलेले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवण्यात आले. बाहेर जमलेले लोक संतापले आणि ठाणे जाळण्याची भाषा करू लागले, तेव्हा घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणले गेले. त्याने जमावाला शांत केले आणि मग तिची फिर्याद लिहून घेतली. नानांच्या वाड्याभोवतीचा जमाव आणि ठाण्याबाहेरचा हा जमाव यांत एकशे ऐंशी वर्षांचे अंतर आहे. फरक इतकाच की या वेळी जमावाने दगड न उचलता कागदाची मागणी केली आणि कागद झाला.

पण कागदापुढची वाट जुनीच होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, ती ओरडल्याचे म्हणणे रचलेले आहे, असे न्यायालयाचे मत पडले. फिर्याद या शब्दाचा मूळ अर्थ येथे आठवल्यावाचून राहत नाही. तिच्या फिर्यादीत हाक होती की नव्हती, याचाच निवाडा झाला. बंद ठाण्यात, दोन गणवेशधारी पुरुषांपुढे हाक मारता येते का, हा प्रश्न निकालाने विचारला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तो विचारला. १९८० साली अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढले. १९८३ च्या दुरुस्तीने कायदा बदलला: पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हतीच असे गृहीत धरावे. टॉडच्या बचावाला मिळालेले हे पहिले ठोस उत्तर होते, असे आम्ही म्हणू. शिक्षा वाढवण्यापेक्षाही मोठी गोष्ट त्यात होती. विश्वास कोणावर ठेवून सुरुवात करायची, याचा नियम बदलला होता.

त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्यात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. योगायोगाला पुराव्याचा दर्जा देता येत नाही. पण त्यानंतरचा वाद कशावर झाला ते पाहण्यासारखे आहे. नाना फडणवीसांचे चारित्र्य, ब्राह्मणांचे चित्रण, इतिहासाचा विपर्यास यांवर रणे माजली, प्रयोग बंद पडले, आणि १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमीची स्थापना झाल्यावर नाटक पुन्हा उभे राहिले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, हे तेंडुलकरांनी सांगितलेच होते. चोरीचा आळ घेऊन दिव्य करायला लावलेला ब्राह्मण, परवान्यावाचून रात्री बाहेर पडण्याची भीती, कोठडीतली प्रेते हे सारे त्यात रंगमंचावर दिसत होते. तरी कोतवालाविरुद्ध दाद मागण्याची सोय कोठे आहे, हा त्यातला अगदी साधा प्रश्न वादात फारसा कोणी उचलला नाही. १८६३ साली मोरोबा कान्होबांनी घाशीरामावर पुस्तक लिहिल्यापासून मराठी वाचकाला घाशीराम ठाऊक आहे, नाना ठाऊक आहेत. कोंडलेल्यांपैकी एकाचेही नाव मात्र आपल्या वाङ्मयीन स्मृतीत नाही. देसाईगंजचा खटलाही कायद्याच्या ग्रंथांत एका आरोपी पोलिसाच्या नावाने नोंदलेला आहे. त्या मुलीच्या नावाने तो लक्षात ठेवला तो स्त्रियांच्या चळवळीने.

आज साखळीबाहेरचे दार कागदावर तरी आहे. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आला, आणि कोठडीतील मृत्यूची खबर चोवीस तासांच्या आत द्यावी असे त्याने त्याच वर्षी फर्मावले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची कार्यपद्धती घालून दिली. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापावे आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. त्याखालची पातळी मात्र जिल्ह्याची न ठेवता विभागाची ठेवली. ही तांत्रिक बाब वाटेल. पण देसाईगंज आज ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेथल्या माणसाने आपल्या ठाण्याविरुद्ध तक्रार घेऊन नागपूरच्या विभागापर्यंत जायचे, याचा अर्थ मद्रासच्या आयोगापुढे चालत आलेल्या रयतेला विचारावा.

दार असणे आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथे गेल्यावर आधी आपल्याच जातीची, चारित्र्याची, हेतूची झडती न होणे, ही तिसरी. १७९१ च्या पुण्यात पहिलीही नव्हती. आज पहिली आहे, दुसरी अपुरी आहे, आणि तिसरीसाठी १९८३ सारख्या दुरुस्त्या एकेका गुन्ह्यापुरत्या होत आल्या आहेत. तोवर पोलिसाविरुद्ध बोलणाऱ्याचे काम 'तक्रार' या शब्दाच्या मूळ अर्थानेच करावे लागते: तेच पुन्हा सांगायचे, नव्या टेबलापुढे, नव्या साहेबापुढे, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून.

वर्गात 'घाशीराम कोतवाल' शिकवताना नानांविषयीचा वाद आम्हीही शिकवतो, आणि तो शिकवावाच. त्याबरोबर विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न द्यावा, अशी आमची सूचना आहे. ऑगस्ट १७९१ च्या त्या रात्री कोंडलेल्यांपैकी कोणी जिवंत बाहेर पडून रीतसर फिर्याद मांडू पाहता, तर पुण्यात तो कोणत्या दाराशी गेला असता? मग हाच प्रश्न त्यांनी आपापल्या गावाविषयी विचारावा आणि उत्तर शोधताना त्या दाराचा पत्ताही लिहून आणावा.